चार आणे

डबा डालड्याचा. झाकणाला चीर,
ती पाडली रामसजीवननं, रिपेअर खात्यातल्या छिन्नीनं.
वर दादांच्या अक्षरात, निळ्या ऑइलपेंटनं:
'विलायतेतील खाणकामगारांच्या चुलीसाठी.'
'चुलीसाठी' हा शब्द मंजूर व्हायला
कमिटीत दोन तास लागले होते.

साल चौऱ्याऐंशी. अनंत चतुर्दशीच्या झांक्या नुकत्याच होऊन गेलेल्या.
पगाराच्या दिवशी दादा मिलच्या गेटवर डबा घेऊन उभे,
शेजारी मी, पावतीपुस्तकातला कार्बन सांभाळत.
"गोऱ्यांना आपण पैसे द्यायचे?" गफ्फारचाचा हसले,
"दोनशे वर्षं काय कमी दिले?"
हसत हसतच चार आणे टाकले
आणि पावती मागून घेतली.
रीलिंगच्या कस्तुराबाईनं विचारलं,
संप चालू असताना त्या बायका रांधतात काय?
दादांना माहीत नव्हतं.
बटाटे असतील, म्हणाले.
तिनं आठ आणे टाकले.

मग डिसेंबर.
एका रात्रीत भोपाळ.
सकाळपाळीच्या सुट्टीत कुणी जेवणाचा डबा उघडला नाही.
त्यातच निवडणूक. उमेदवार युनियनचा,
परदेशीपुऱ्यातल्या भिंतींवर गेरू, चुना,
रात्री दोनपर्यंत ब्रश धुणारी पोरं.
ऑफिसात टेबलावर तो डबा, भोवती सगळे उभे.
एक म्हणाला, पत्रकं अडलीयत, उसने द्या,
निवडून आलो की दुप्पट टाकू.
दुसरा म्हणाला, भोपाळला पाठवा,
विलायत काय पळून जातेय?
दादा म्हणाले, भोपाळसाठी नवा डबा करा, पहिला रुपया माझा.
पत्रकांसाठी माझं घड्याळ न्या.
हा ज्यांच्या नावाचा, त्यांचा.
लोक चिडले. कुणीतरी त्यांना मुनीम म्हणालं.
दादा बरोबर होते की नाही
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उमेदवार पडला. अनामतही गेली.
घड्याळ सुटलं नाही.

तीनशे बारा रुपये पन्नास पैसे.
पोस्टानं बँक दाखवली, बँकेनं रिझर्व्ह बँक.
तीन अर्ज गेले, इंग्रजी परुळकर मास्तरांचं.
तिसऱ्याचं उत्तर येण्याआधी
त्यांचा संप मोडला.
रेडिओवर सांगितलं, बँड वाजवत, झेंडे घेऊन
परत कामावर गेले.
"बँड वाजवत?" दादा म्हणाले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

पुढं आमचीही मिल गेली. बँड नव्हता.
एके सकाळी भोंगा वाजला नाही, एवढंच.
थकबाकी कोर्टात, कोर्ट तारखांत.
सायकल गेली, आईच्या पाटल्या गेल्या,
डबा फळीवर तसाच.
एकदा परीक्षेच्या फीसाठी
मी त्या चिरेत सुरी घातली होती.
आईनं मनगट धरलं.
म्हणाली, "तो पाहुण्यांचा आहे."

दोन हजार अकरात चवन्नी चलनातून बाद झाली.
दादा तोवर नव्हते. बरंच झालं.

आता माझा निनाद लोकांच्या घरी जेवण पोचवतो,
गाडीवर, फोनच्या हुकमानं.
गेल्या महिन्यात विजयनगर चौकात
पोरांनी दोन दिवस फोन बंद ठेवले,
हेल्मेट उलटं धरून वर्गणी फिरवली.
रात्री पोहे खाता खाता म्हणाला,
"आई, जकार्तातली पोरंपण बसलीयत.
काल त्यांनी आपल्यासाठी व्हिडिओ टाकला.
भाषा नाही कळली, पण आपल्या चौकाचं नाव घेत होते.
त्यांना काही पाठवता येईल का?"

मी फळीवरून डबा काढला. वाजवून दाखवला.
"हे नाही चालत आता," तो म्हणाला.

माहीत आहे.
तू ते पावतीपुस्तक घे.
मागे कोरी पानं उरलीयत,
सहाशे चौदापासून.